भेंडीबाजाराचा सूर

आमच्या नाट्याला खाडीकाठी भेंडीची झाडं आहेत. पिवळं फूल, गार सावली. मुंबईचा भेंडीबाजार म्हणजे अशाच झाडांखालचा बाजार, असं लहानपणी वाटे. पुढे कळलं, की नावाची एक कथा तशीच सांगतात. दुसरी कथा साहेबाची : १८६९ मध्ये झालेल्या क्रॉफर्ड मार्केटच्या मागची वस्ती, म्हणजे ‘बिहाइंड द बझार’, म्हणून भेंडीबाजार. कोकणी माणूस कोणती मानणार, हे सांगायला नकोच!

माझे वडील मुसाकाजी बंदरात आगबोटीत चढत आणि भाऊच्या धक्क्याला उतरत. गावी परतले, की गोष्टी खाण्याच्याच. रात्रभर मंद आचेवर शिजवून सकाळी खायची निहारी, रमजानमधले मालपुवे. गाण्याबद्दल मात्र ते कधी बोलले नाहीत.

ते मला रेडिओने ऐकवलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुरादाबादकडचे तीन भाऊ, छज्जू खाँ, नझीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ, या वस्तीत राहायला आले. त्यांच्या गायकीला वस्तीचंच नाव पडलं. ग्वाल्हेर, आग्रा, पतियाळा ही घराणी शहरांच्या नावाची. हे बाजाराच्या नावाचं! लांब दमसास, मोकळा आकार, तेच सूर क्रम पालटून मांडणारं मेरुखंड, ही त्याची ओळख. नझीर खाँनी गोव्यातल्या अंजनीबाई मालपेकरांना तालीम दिली. छज्जू खाँचे चिरंजीव अमान अली खाँ यांच्याकडे लता मंगेशकर काही काळ शिकल्या. अमान अलींनी दक्षिणेचा हंसध्वनी आपलासा करून गायला. विद्येने कुणाचं गाव विचारलं नाही, की धर्म विचारला नाही.

त्या चाळी आता थकल्या. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी तिथली हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसं गेली. साडेसोळा एकरांच्या पुनर्विकासात आता उंच इमारती उठत आहेत. जुन्याच्या प्रेमापोटी कुणी धोक्याच्या छपराखाली झोपावं, असं मी म्हणणार नाही. घर पाडून पुन्हा बांधता येतं. गळ्यातली विद्या मात्र शिष्य नसला, तर गुरूबरोबरच जाते.

तेव्हा मंडळी, निहारी खायला भेंडीबाजारात जाल, तेव्हा घरी परतल्यावर अमान अलींच्या परंपरेतलं एखादं ध्वनिमुद्रण जरूर ऐका. माझ्या वडिलांना ते ऐकवायचं माझ्याकडून राहून गेलं.