चोवीस तास ड्युटीचं कलम

गणपतीच्या बंदोबस्तात उभ्या असलेल्या शिपायाला "घरी कधी जाणार?" विचारलं तर तो नुसता हसतो. त्या हसण्याला कायद्याचा आधार आहे बरं का! आपल्या १९५१ च्या पोलीस कायद्याचं कलम २८ सांगतं की पोलीस कायमच कर्तव्यावर आहे असं समजायचं. हे वाक्य काही स्वतंत्र भारताने शोधलेलं नाही. इंग्रजांच्या १८६१ च्या कायद्यात कलम २२ मध्ये तेच आहे.

१८५७ नंतर इंग्रजांना हवे होते हुकूम पाळणारे शिपाई. नमुना घेतला आयर्लंडच्या पोलिसांचा, म्हणजे जिंकलेल्या मुलखावर वचक ठेवणाऱ्या दलाचा. त्या १८६१ च्या कायद्यातल्या शिक्षा वाचा: महिन्याच्या पगाराइतका दंड, पंधरा दिवस बराकीत कोंडून ठेवणं, वर शिक्षेची कवायत, जादा पहारा. परवानगीशिवाय किंवा दोन महिन्यांची नोटीस न देता नोकरी सोडली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, तीही सक्तमजुरीची असू शकते. नोकरी सोडणं हा गुन्हा! गिरणीतला कामगार निदान गावाला निघून जाऊ शकत होता.

आपल्या भागाचं प्रकरण आणखी गमतीचं. मुंबई इलाख्याचे कायदे वेगळे होते. माहीमच्या खाडीअलीकडे शहर, तिथे १९०२ चा कायदा. पलीकडे वांद्रे, अंधेरी, बोरिवली, घाटकोपर हा साष्टीचा भाग, आधी ठाणे जिल्ह्यात, १९२० पासून वेगळ्या उपनगर जिल्ह्यात. तिथे १८९० चा जिल्हा पोलीस कायदा. खाडीच्या दोन काठांवर दोन कायदे, आणि दोन्हीकडचा शिपाई बराचसा कोकणातलाच, रत्नागिरीचा. १९५१ मध्ये दोन्ही एकत्र झाले.

पगाराचं काय? १९०२ च्या फ्रेझर आयोगाने सुचवलं की शिपायाला महिना किमान ८ रुपये तरी द्या. म्हणजे त्याहून कमी मिळणारेही होते! हाच आयोग पोलीस भ्रष्ट आणि जुलमी असल्याचं लिहून गेला. पोट भरत नाही आणि हातात दंडुका आहे, अशा माणसाकडून दुसरं काय होणार?

तक्रार करायची तर एकत्र यावं लागतं. १९१८ मध्ये लंडनच्या पोलिसांनी संप केला, १९१९ मध्ये लिव्हरपूलमध्ये पुन्हा झाला. तिथल्या सरकारने युनियनवर बंदी घातली, पण बदल्यात पगार वाढवला आणि सरकारमान्य फेडरेशन दिलं. इथे १९२२ मध्ये आला पोलिसांत अप्रीती पसरवण्याविरुद्धचा कायदा: सहा महिने कैद किंवा २०० रुपये दंड, किंवा दोन्ही. सरकारमान्य संघटनेला त्यात सूट होती, पण मान्यता देणार कोण, तर सरकारच.

स्वातंत्र्य आलं, १९६६ मध्ये दिल्लीने संघटनेवर निर्बंध घालणारा आणखी एक कायदा केला. तरी महाराष्ट्रात शिपायांची संघटना उभी राहिली. १५ ऑगस्ट १९८२ ला काळ्या फिती लागल्या, १८ ऑगस्टला नेत्यांना अटक झाली, आणि मुंबईत पोलिसच रस्त्यावर उतरले. गिरणी संप चालूच होता. सरकार बाबासाहेब भोसल्यांचं, आयुक्त ज्युलिओ रिबेरो. लष्कर बोलवावं लागलं. शिपाई बडतर्फ झाले, संघटना संपली. त्या दिवशीच्या दंगलीचं समर्थन मी करणार नाही. दुकानं फुटली, माणसं मेली. पण तक्रार ऐकायला कुणी नसेल तर ती अशीच बाहेर पडते, हेही तितकंच खरं.

तब्बल ३४ वर्षांनी, २०१६ मध्ये, आपल्या पूर्व उपनगरातल्या देवनार पोलीस ठाण्यात आठ तास ड्युटीचा प्रयोग सुरू झाला. सूचना एका शिपायाचीच, आयुक्त दत्ता पडसलगीकरांनी ती उचलून धरली. कलम २८ मात्र जागच्या जागी आहे.

मरोळ, घाटकोपर, वरळी, नायगावच्या पोलीस लाइनीत वाढलेले कुणी इथे असतील तर १८ ऑगस्ट १९८२ ला घरात काय चाललं होतं ते लिहा. नाव नसलं तरी चालेल.