दमास्कसची सुरी, कोनसमुद्रमचं पोलाद आणि आपला घिसाडी

मंडळी, स्वयंपाकघरातल्या "दमास्कस" सुऱ्यांची सध्या लाट आली आहे. पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी किंवा लाकडाच्या रेषांसारखी नक्षी, अक्रोडाची मूठ, लाकडी पेटी आणि किंमत ऐकून माणूस दोन मिनिटं गप्प. सोबत एक फॉरवर्डही फिरतो: हे पोलाद मूळचं आपलं, इंग्रजांनी लोहारांचे हात तोडले म्हणून ते संपलं, वगैरे. त्यातला पहिला भाग बराचसा खरा आहे. दुसरा भाग इतका सोपा नाही, आणि त्यात आपल्याला सोयीचं नसलेलंही काही आहे. म्हणून हे जरा लांबलचक.

आधी एक घोळ सोडवू. आज दुकानात मिळणारी दमास्कस सुरी आणि जुनं दमास्कस पोलाद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजची सुरी थरांची असते. एक पट्टी जास्त कार्बनच्या पोलादाची, एक निकेल असलेल्या पोलादाची, पुन्हा पहिली, अशी चळत लावतात. टाकणखार घालून लालबुंद तापवतात आणि घणाखाली एकजीव करतात. मग लांबवायचं, कापायचं, दुमडायचं आणि परत ठोकायचं. सात थरांनी सुरुवात केली आणि पाच वेळा दुमडलं की 224 थर होतात. पातं घडवून, घासून, पाणी देऊन झालं (पाणी म्हणायचं, पण बुडवतात बहुतेक वेळा तेलात) की फेरिक क्लोराइडमध्ये ठेवतात. निकेलचा थर चकचकीत राहतो, दुसरा काळवंडतो, आणि नक्षी उघडी पडते. विल्यम मोरान नावाच्या अमेरिकन कारागिराने 1973 मध्ये चाकू बनवणाऱ्यांच्या प्रदर्शनात अशी पाती मांडली, तिथून या प्रकाराला नवी चालना मिळाली. थर जोडायची कला जुनीच, युरोपात हजार वर्षांपूर्वीच्या तलवारींतही ती दिसते. पण तिला सरसकट "दमास्कस" म्हणायची पद्धत अलीकडची.

जुनं दमास्कस पोलाद थरांचं नव्हतंच. तो एकसंध गोळा. नक्षी धातूच्या आतून येत असे. आणि तो गोळा दमास्कसमध्ये बनत नव्हता, दख्खन, कर्नाटक, तामिळ मुलूख आणि श्रीलंकेत बनत होता.

आता नकाशा उघडा. नांदेडच्या पलीकडे, तेलंगणाच्या निजामाबाद जिल्ह्यात कोनसमुद्रम नावाचं गाव आहे. 1956 पर्यंत आपला मराठवाडा आणि हे गाव एकाच हैदराबाद राज्यात होतं, म्हणजे हा काही परक्या देशाचा इतिहास नाही. या गावाचं पोलाद इराणात जायचं. सतराव्या शतकात हिऱ्यांच्या व्यापारासाठी आलेल्या ताव्हेर्निए या फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवलंय की इराणात ज्या पात्यांवर जौहर उमटतं, त्यांचं पोलाद गोवळकोंड्याच्या राज्यातून येतं. जौहर म्हणजे पात्यावरची लाटांची नक्षी. आपला "पोलाद" हा शब्दसुद्धा फारसीतूनच आलेला. माल इथून गेला आणि नाव तिकडून आलं, अशी गंमत. कोरोमंडल किनाऱ्यावरून त्या शतकात हजारो गोळे जहाजांत चढत होते.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेन्री व्हॉयसी नावाचा इंग्रज डॉक्टर-भूगर्भतज्ज्ञ कोनसमुद्रमला गेला होता. त्याचं टिपण 1832 मध्ये छापून आलं. त्यात भट्टीची सगळी रीत आहे. दोन वेगवेगळ्या ठिकाणचं लोखंड ठरावीक प्रमाणात एकत्र करायचं, मातीच्या मुशीत भरून तोंड बंद करायचं, आणि दिवसभर भाता चालवायचा. मग मूस घाईने बाहेर काढायची नाही, सावकाश निवू द्यायची. निघालेला गोळा मातीने लिंपून पुन्हा तापवायचा, पुन्हा निववायचा, असं अनेकदा. इस्फहानचे व्यापारी तिथे खरेदीला येत होते. विचार करा, एका खेड्यातल्या भट्टीशेजारी इराणी माणूस गोळे हातात घेऊन पारखतोय.

म्हैसूर भागात रीत थोडी निराळी होती. मुशीत लोखंडाच्या तुकड्यांबरोबर तरवडाचं लाकूड आणि हिरवी पानं घालत. मुशीची माती भाताच्या तुसात मळलेली. लाकूड-पानांचा कोळसा होऊन कार्बन लोखंडात उतरायचा, साधारण दीड टक्का. साध्या पोलादात याच्या निम्म्याहून कमी कार्बन असतो. कन्नडमध्ये पोलादाला "उक्कू" म्हणतात. त्याचाच इंग्रजांनी "वूट्झ" केला असं बहुतेक अभ्यासक मानतात.

आणि हा वूट्झ शब्द युरोपात गेला कुठून? मुंबईतून. हेलेनस स्कॉट नावाचा कंपनी सरकारचा डॉक्टर मुंबईत होता. त्याने 1794 मध्ये लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना या पोलादाचे नमुने पाठवले. पुढच्याच वर्षी जॉर्ज पिअर्सन यांचा त्यावर निबंध आला आणि त्याच्या शीर्षकातच हे पोलाद "मुंबईत बनलेलं" असं ठोकून दिलं! बंदरातून आलं म्हणजे बंदरातच बनलं, असा हिशोब. याच निबंधात एक छोटी नोंद आहे, मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. स्टोडार्ट नावाच्या लंडनच्या सुऱ्या-शस्त्रकार कारागिराने त्या नमुन्यातून एक लेखणी तासायचा चाकू घडवला, तोही काळोखात जेमतेम लाली दिसेल इतपतच तापवून. म्हणजे आपल्या पोलादाची युरोपातली ही पहिली गाजलेली परीक्षा तलवारीवर झालेली नाही. ती एका साध्या चाकूवर झाली.

"जेमतेम लाली" यातच सगळी मेख आहे. युरोपातले लोहार आपल्या सवयीने पोलाद पांढरंफटक तापवायचे आणि घण मारायचे. वूट्झचा अशाने चुरा व्हायचा, कारण एवढ्या कार्बनमुळे ते लवकर वितळायला लागतं. आपल्याकडचा आणि इराणातला लोहार कमी आचेवर, हळूहळू, पुन्हा पुन्हा तापवून ठोकायचा. नक्षी त्याच तापवण्या-ठोकण्यातून यायची.

स्टोडार्टला पोलाद इतकं पटलं की त्याने धंद्याच्या कार्डावर त्याची जाहिरात केली. पुढे 1820 च्या आसपास त्याने एका तरुण शास्त्रज्ञाला हाताशी धरलं, त्याचं नाव मायकेल फॅरेडे. हाच तो विजेचा फॅरेडे, लोहाराचा मुलगा. दोघांनी वूट्झची नक्कल करायला पोलादात प्लॅटिनम, चांदी, ऱ्होडियम असं काय काय घालून पाहिलं. फॅरेडेचा अंदाज होता की रहस्य ॲल्युमिनियममध्ये आहे. तो चुकला, पण मिश्र पोलादाच्या शास्त्रीय अभ्यासाची सुरुवात त्यातून झाली. कार्बनकडे नीट बोट दाखवलं ते पॅरिसच्या टांकसाळीतल्या ब्रेआंने.

उरलेला उलगडा व्हायला 1998 उजाडलं. अमेरिकेत जॉन व्हरहोव्हेन हे धातुशास्त्राचे प्राध्यापक आणि आल्फ्रेड पेन्ड्रे हा घोड्यांना नाल ठोकणारा लोहार, या जोडीने वर्षानुवर्षं भट्टी पेटवून जुन्यासारखी पाती बनवली. त्यांना दिसलं की धातूत व्हॅनेडियमसारखं मूलद्रव्य अगदी नावापुरतं असेल, टक्क्याचा काही हजारावा भाग, तरच पुन्हा पुन्हा तापवता-ठोकताना लोह-कार्बाइडचे कण ओळीने बसतात. त्याच त्या लाटा. म्हणजे ठरावीक खाणीचं खनिज गेलं की हुशार लोहाराच्या हातूनही नक्षी येणार नाही, आणि का येत नाही हे त्याला कळणारही नाही. जोडी कशी आहे बघा, प्राध्यापक आणि लोहार, दोघांचं नाव शोधनिबंधावर.

आता हे सगळं संपलं कसं? हात तोडल्याचा पुरावा मला कुठे सापडलेला नाही, आणि त्याची गरजही नव्हती. शेफिल्डला हंट्समनने 1740 च्या दशकातच मुशीतलं पोलाद बनवायला सुरुवात केली होती. 1856 मध्ये बेसेमरची पद्धत आली आणि पोलाद टनांनी निघू लागलं. जहाजातून आलेली पट्टी गावठी गोळ्यापेक्षा स्वस्त पडू लागली. 1865 आणि 1878 च्या वन कायद्यांनी जंगल सरकारी झालं. भट्टी कोळशावर चालते आणि कोळसा जंगलातून येतो, मग पुढचं सांगायला नको. 1878 मध्येच शस्त्र कायदा आला. तिकडे इराणात बंदुकांच्या काळात तलवारीचं गिऱ्हाईकच आटलं. चार-पाच दोर एकाच वेळी कापले गेले. धोरण नक्कीच इंग्रजांचं होतं, आणि त्याचा फायदाही त्यांचाच.

पण एक प्रश्न आपल्यालाही विचारायला हवा. या भट्टीचं वर्णन आपल्याला व्हॉयसीकडून मिळतं, फ्रान्सिस बुकॅननकडून मिळतं, बेंजामिन हाइनकडून मिळतं. आपल्या लिहित्या-वाचत्या वर्गाने मुशीत काय घालतात हे बसून का लिहून ठेवलं नाही? पेशवे दफ्तरात रुमालांवर रुमाल आहेत, पै-पैचा हिशोब आहे. लोहाराला बलुतं किती द्यायचं ते लिहिलंय. तो फाळाला पाणी कसं देतो ते लिहायचं कुणाला सुचलं नाही. भट्टीपाशी बसणारा लिहीत नव्हता आणि लिहिणारा भट्टीपाशी जात नव्हता. विद्या घरात, बापाकडून पोराकडे. एक पिढी मजुरीला गेली की संपली. माझ्या मते जातीच्या या भिंतीने शेफिल्डइतकंच नुकसान केलं.

आता जपान बघा. तिथे 1876 मध्ये सामुराईंना तलवार बाळगायला बंदी झाली. आपल्या शस्त्र कायद्याच्या दोनच वर्षं आधी. तिथल्या लोहारांवरही संकट आलंच. पण ओसाकाजवळच्या साकाई गावाने तंबाखू कापायच्या सुऱ्यांवर आधीच नाव कमावलं होतं, एचिझेनला कोयते-विळ्यांचा धंदा होता. तलवारीचं कसब स्वयंपाकघरात वळलं. साकाईत आजही एक जण घडवतो, दुसरा धार काढतो, तिसरा मूठ बसवतो. 1974 मध्ये तिथल्या सरकारने पारंपरिक हस्तोद्योगांसाठी कायदा केला: वस्तू रोजच्या वापरातली हवी, मुख्य काम हाताचं हवं, तंत्र जुनं हवं. एचिझेनच्या पात्यांना 1979 मध्ये आणि साकाईला 1982 मध्ये ही मान्यता मिळाली. एचिझेनच्या लोहारांनी पुढे एकत्र येऊन सामाईक कारखाना काढला, तिथे पोरं शिकायला येतात. जपानी नक्षीच्या सुरीतही कापायचं काम मधली कडक पट्टी करते, नक्षी बाहेरच्या मऊ वेष्टनावर असते. भाजीला लाटा कळत नाहीत. पण लाटांमुळे गिऱ्हाईक येतं आणि लोहाराची चूल पेटते, हे त्यांनी ओळखलं.

आपल्याकडे काय? मराठी स्वयंपाकघर मुळात सुरीचं नाहीच, विळीचं. विळी, अडकित्ता, कोयता, खुरपं हे सगळं गावच्या लोहाराने किंवा रस्त्याकडेला पाल टाकणाऱ्या घिसाड्याने घडवलेलं. ट्रकच्या कमानीचा पाटा कापायचा, तापवायचा, नवऱ्याने सांडशीत धरायचा आणि बायकोने घण घालायचा. हे दृश्य तुम्ही पाहिलं असेलच. कमानीचं पोलाद उत्तम असतं, त्याचा ऊसतोडीचा कोयता वर्षानुवर्षं चालतो. आपण त्याच्याशी वीस रुपयांसाठी घासाघीस करतो आणि घरी येऊन नक्षीची सुरी कार्टात टाकतो.

सरकारी योजना आहे. पीएम विश्वकर्मा, सप्टेंबर 2023 पासून, 18 व्यवसायांत लोहार आहे. अवजारांसाठी 15 हजार, पहिलं कर्ज एक लाख, नंतर दोन लाख, व्याज पाच टक्के. कागदावर चांगलं आहे. पण पडताळणीची पहिली पायरी ग्रामपंचायत किंवा नगरपालिका. घिसाडी भटक्या जमातीत मोडतो. आज या गावच्या वेशीवर, महिन्याने दुसऱ्या. त्याची ग्रामपंचायत कोणती? फॉर्ममध्ये या प्रश्नाला रकाना नाही. आणि अवजारं देऊन कसब टिकत नाही, त्याला गिऱ्हाईक लागतं. ते साकाईत आधी शोधलं गेलं, आपल्याकडे कुणी शोधत नाही.

तोपर्यंत सुरी घेणारच असाल तर एवढं पाहा. पात्याच्या पाठीवर, म्हणजे वरच्या जाड कडेवर, थरांच्या रेषा आरपार दिसतात का? फक्त बाजूवर नक्षी आणि पाठ कोरी असेल तर ती लेझरने किंवा ॲसिडने छापलेली असू शकते. बारीक पॉलिश-पेपरने जरा घासा. छापलेली नक्षी जाते ती कायमची. खरी पुसट होते, पण पुन्हा ॲसिडमध्ये धरली की परत येते.

तुमच्या तालुक्यात अजून भात्यावर काम करणारं कुणी असेल तर गावाचं नाव आणि काय घडवतात ते कमेंटमध्ये लिहा. नांदेड, देगलूर, बिलोली, किनवटकडच्या मंडळींनी तर नक्कीच. शेतात लोखंडाच्या मळीचे काळे, जड खडे किंवा भाजलेल्या मुशींचे तुकडे सापडत असतील तर फोटो टाका, आणि ते तिथेच राहू द्या, उचलून घरी आणू नका.