बालरुग्णालय ते घराचा उंबरठा : महाराष्ट्रातील बालआरोग्यसेवेचा ऐतिहासिक आढावा (विशेष संदर्भ : मालेगाव, जि. वाशीम)

प्रस्तावना :

बालकाचे आजार, त्याला द्यावयाची औषधाची मात्रा आणि त्याची शुश्रूषा ही प्रौढांहून भिन्न असते, ही जाणीव वैद्यकशास्त्रात उशिराच रुजली. परिणामी केवळ बालकांसाठी असलेल्या रुग्णालयांचा इतिहासही फार प्राचीन नाही. पॅरिस येथे १८०२ मध्ये, लंडन येथे १८५२ मध्ये, तर मुंबईत विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाअखेरीस असे रुग्णालय उभे राहिले. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील बालआरोग्यसेवेचे प्रमुख टप्पे पाहून मालेगावसारख्या ग्रामीण तालुक्याच्या दृष्टीने त्यांचा अर्थ शोधण्याचा प्रयत्न केला आहे.

१) रुग्णालयाची उभारणी :

मुंबईतील जे. जे. रुग्णालयात १९२८ मध्ये डॉ. जॉर्ज कोएल्हो यांनी स्वतंत्र बालरोग विभाग सुरू केला. त्याच सुमारास वाडिया बंधूंनी आपल्या मातेच्या नावे परळ येथे बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय उभारले. परळ हा गिरणी कामगारांचा भाग होता, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. कामगारांच्या मुलांना तज्ज्ञ उपचार आणि डॉक्टरांना बालरोगशास्त्राचे शिक्षण एकाच ठिकाणी मिळू लागले.

२) साधनांची भर :

पुढील काळात महानगरातील रुग्णालयांत नवे उपक्रम सुरू झाले. त्यांतील लक्षणीय उपक्रम म्हणजे शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये स्थापन झालेली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी होय. ज्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आईचे दूध मिळू शकत नाही, त्यांच्यासाठी अन्य मातांनी दिलेले दूध निर्जंतुक करून साठविण्याची ही व्यवस्था आहे. या साधनासाठी महागड्या यंत्रांपेक्षा मातांचा विश्वास अधिक आवश्यक होता.

३) गडचिरोलीचे संशोधन :

मात्र ज्या बाळाचा जन्म घरीच होतो आणि जे रुग्णालयात पोहोचतच नाही, त्याचे काय, हा प्रश्न शिल्लकच होता. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात स्थापन केलेल्या ‘सर्च’ या संस्थेने त्याचे उत्तर शोधले. १९९३ पासून ३९ गावांत प्रयोग करण्यात आला आणि तुलनेसाठी ४७ गावे निवडण्यात आली. आरंभी केवळ नोंदी ठेवण्यात आल्या. १९९५ पासून गावातीलच अल्पशिक्षित स्त्रियांना बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे आणि जंतुदोष ओळखून प्रतिजैविके देणे, इंजेक्शनसह, शिकविण्यात आले. नवजात मृत्युदर दर हजारी ६२ वरून तिसऱ्या वर्षी सुमारे २५ वर आला. तुलनेच्या गावांत तो जवळपास तसाच राहिला. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. संशोधन ही केवळ मोठ्या रुग्णालयांची मिरासदारी नाही, हे यातून सिद्ध झाले.

४) शासकीय धोरण :

२००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने गावोगावी ‘आशा’ नेमल्या. २०११ मध्ये गृहाधारित नवजात बालसेवा हा त्यांच्या कामाचा भाग झाला. रुग्णालयातील प्रसूतीनंतर सहा आणि घरच्या प्रसूतीनंतर सात गृहभेटी ठरल्या. तथापि गडचिरोलीतील इंजेक्शनची जबाबदारी आशांकडे सोपविली गेली नाही. गंभीर आजारी बाळ ओळखून त्याला रुग्णालयात पाठविणे, हे त्यांचे मुख्य काम ठरले. म्हणजेच घरातील निरीक्षण कितीही अचूक असले, तरी पुढे खाट, प्रशिक्षित परिचारिका आणि वाहन वेळेवर मिळाले नाही तर त्याचा उपयोग होत नाही. जिल्हा रुग्णालयांतील नवजात शिशू विशेष दक्षता कक्षांचे महत्त्व यातच आहे. १८०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांना प्रामुख्याने अशा कक्षात दाखल केले जाते.

५) मालेगावच्या संदर्भात :

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या वाशीम जिल्ह्यात मालेगाव तालुक्याचा समावेश झाला. मात्र शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ मध्ये अकोल्यातच स्थापन झाले. पुढे २०१८ मध्ये वाशीमची आकांक्षित जिल्ह्यांत गणना झाली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशीम येथेही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जिल्ह्यात वैद्यकीय शिक्षण आल्याने येथील गावांच्या बालआरोग्याचा अभ्यास येथेच होण्याची शक्यता प्रथमच निर्माण झाली आहे. तूर-सोयाबीनच्या हंगामात मजुरीला जाणाऱ्या मातेच्या तान्ह्या बाळाकडे कोण पाहते, आजार ओळखल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंत किती तास जातात, या प्रश्नांची उत्तरे महानगरातील ग्रंथांत मिळणार नाहीत. त्या नोंदी गावातच घ्याव्या लागतील. तालुक्यातील महाविद्यालयांच्या समाजशास्त्र, गृहअर्थशास्त्र आणि राष्ट्रीय सेवा योजना या विभागांना या कामी निश्चित सहभाग घेता येईल.

निष्कर्ष :

परळच्या रुग्णालयाने बालकाला स्वतंत्र रुग्ण म्हणून मान्यता दिली, शीवच्या दुग्धपेढीने मातांना उपचारात सहभागी करून घेतले, तर गडचिरोलीने घरालाच सेवेचे केंद्र बनविले. यांपैकी कोणताही एक टप्पा दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. नवीन इमारत उभी राहिल्याने बालमृत्यू आपोआप घटतील, अशी अपेक्षा इतिहासाला धरून होणार नाही. मालेगावच्या एखाद्या खेड्यातील आशाची नोंदवही आणि वाशीमच्या रुग्णालयातील खाट यांमधील अंतर जितके कमी होईल, तितकेच या नव्या साधनांचे सार्थक झाले असे म्हणता येईल.