शिळा आणि रूळ : आपल्या मुलखाचा इतिहास

विद्यार्थी मित्रहो, इतिहास म्हटला की आपल्याला दिल्ली, आग्रा, दौलताबाद आठवते. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलमुलखात पाहण्यासारखे काय आहे, असे पालकही विचारतात. येत्या सुटीत त्यांना घेऊन चिमूर तालुक्यातील हिरापूरला जा आणि मग वरोऱ्याला या.

हिरापूरला उभ्या शिळांवर प्रचंड आडव्या शिळा ठेवून रचलेली दालने आहेत. गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शीकडेही प्राचीन शिलारचना आढळतात. विदर्भात लोखंड वापरणाऱ्या लोकांनी सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी मृतांसाठी अशी स्मारके उभारली. नागपूरजवळच्या जुनापाणी येथील शिलावर्तुळांची माहिती रिव्हेट-कार्नॅक यांनी १८७९ साली प्रसिद्ध केली. पुढे माहुरझरीच्या उत्खननात लोखंडी अवजारे, मणी आणि मृतासोबत पुरलेल्या घोड्यांचे अवशेष मिळाले. नायकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली! ज्यांना आपण रानटी समजतो, ते कुशल कारागीर होते.

आता वरोऱ्याकडे वळा. येथे १८७१ साली इंग्रज सरकारने कोळशाची खाण सुरू केली. तो कोळसा वाहून नेण्यासाठी त्याच दशकात वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे लोहमार्ग आणला गेला. लोखंड गाळण्याची विद्या या भूमीला प्राचीन काळापासून अवगत होती. तरी त्या काळी रूळ येत ते विलायतेहून, जहाजाने. १९०६ साली खाण बंद पडली, मार्ग मात्र टिकला. पुढे तो बल्लारपूरवरून दक्षिणेला जोडला गेला आणि आज दिल्ली-चेन्नईच्या गाड्या वरोऱ्यावरून धावतात.

एक काम मृतांच्या आठवणीसाठी झाले, दुसरे व्यापारासाठी. परंतु शिळा ओढणाऱ्यांची नावे कोठे लिहिलेली नाहीत आणि खाणीत उतरलेल्या मजुरांचीही नाहीत. आपले वाडवडीलही बहुतेक असेच कष्टकरी. म्हणून हा इतिहास परका मानू नका.

पालकांना एक विनंती. शेतीसाठी, गिट्टीसाठी विदर्भातील कितीतरी शिलावर्तुळे मोडली गेली. कबर तुडवू नये, हे आपण मुलांना लहानपणीच शिकवतो. मृत कोणत्या धर्माचा, कोणत्या काळाचा, यावर हा अदब अवलंबून नसतो. तेथून एकही दगड आणू नका, कोणी उचलत असेल तर समजावून सांगा. पूर्वी होऊन गेलेल्यांच्या खुणा धरतीवर फिरून पाहा, अशी शिकवण कुरआनातही आहे. मुलांच्या हाती वही द्या. शिळा मोजू द्या, गावातील वडीलधाऱ्यांना विचारू द्या. इल्मची वाट अशीही सुरू होते.