रंगपुरी खुंटाची कुळकथा

वरुड-मोर्शीकडे संत्र्याचा डोळा बांधतात तो जंभेरीच्या, नाहीतर रंगपूर लाईमच्या खुंटावर. हाच रंगपूर लाईम ब्राझीलमध्ये ‘लिमाँव क्राव्हो’ या नावाने नांदतो आणि साओ पावलोच्या बागा त्याने एका विषाणूपासून सोडवल्या, हे कळल्यापासून या आंबट, केशरी फळाने मला झपाटले आहे.

आधीची हकिगत थोडक्यात. 19व्या शतकात अझोर्स बेटांवर डिंक्या रोगाने बागा वाळल्या. डिंक्याला दाद न देणारा कडू नारिंगाचा खुंट मग देशोदेशी गेला. त्याच खुंटावरची झाडे 1930च्या सुमारास अर्जेंटिनात आणि 1937पासून ब्राझीलमध्ये मरू लागली. हाच तो विषाणूचा रोग, ट्रिस्टेझा. 1946 साली संशोधक मेनेगिनी यांनी तो माव्यामार्फत पसरतो हे दाखवले. यात डोळा जुळतो त्या जागेखालच्या नारिंगाच्या अन्नवाहिन्या मरतात. पानांत तयार झालेले अन्न खाली उतरत नाही आणि मुळे उपाशी मरतात. लागण झालेले झाड फवारणीने बरे होत नाही. ब्राझीलमधल्या कॅम्पिनासच्या कृषी संस्थेत सिल्व्हियो मोरेरा यांनी वेगवेगळे खुंट तपासले, तेव्हा क्राव्होवरची झाडे विषाणू अंगात असूनही उभी राहिली. पाण्याचा ताणही त्यांनी सोसला.

पण क्राव्हो ब्राझीलला पोचला कसा? फ्लोरिडातल्या रीझनर या रोपवाटिकाकार बंधूंनी 19व्या शतकाच्या अखेरीस वायव्य भारतातून याचे बी मागवले होते. तिथूनच तो दक्षिणेला उतरला, असे कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. ब्राझीलच्या खेड्यापाड्यांत तो रानोमाळ उगवतो, त्याला जागोजागी वेगळी नावे आहेत. रोपवाटिकेतून काल आलेले झाड इतके मुरत नाही. गोव्याहून लिस्बनला परतणारी पोर्तुगीज जहाजे वाटेत ब्राझीलच्या बाहियाला थांबत. हे बी त्यांतूनच उतरले असणार, असे माझे ठाम मत आहे.

दुसरा वाद त्याच्या सोशिकपणाचा. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने रंगपूर लाईम आणि जंभेरी, दोघांचीही आई संत्रावर्गातली आणि बाप महाळुंग ठरवला. म्हणजे आपल्या संत्र्याखालचे दोन्ही खुंट संत्र्याच्याच गोतातले. संत्रावर्ग ट्रिस्टेझा बराच सोसतो, तेव्हा हा गुण आईकडून आला, असे म्हणण्याचा मोह होतो. पण कडू नारिंगही संत्रावर्ग आणि पपनस यांचा संकर आहे, आणि त्याचा खुंट मात्र मरतो! म्हणून मी आईपेक्षा तिच्या माहेराला जास्त मान देतो. खुंट म्हणून नारिंगाची पारख झाली ती भूमध्य समुद्राकाठी, विषाणूपासून दूर. रंगपूर लाईम आशियातच मावा आणि विषाणूच्या सहवासात तगला. तिथे जे सोसू शकले नाही ते केव्हाच संपले असणार.

पुढे मोरेरांच्या देशात म्युलर आणि कोस्टा यांनी सौम्य विषाणू आधीच टोचून तीव्र विषाणूला अडवण्याची युक्ती ‘पेरा’ जातीवर यशस्वी केली. खुंट मात्र बहुतेक बागांत क्राव्होच राहिला. मग 1999च्या सुमारास मिनास जेराइस राज्यात क्राव्होवरचीच झाडे अचानक वाळू लागली. या वेळीही अन्नवाहिन्या मरत होत्या त्या खुंटाच्याच. बागायतदारांनी उभ्या झाडांच्या बुंध्याशी क्लिओपात्रा आणि स्विंगल या दुसऱ्या खुंटांची रोपे लावली आणि त्यांचे शेंडे डोळ्याच्या जोडाच्या वर, खोडाच्या सालीखाली कलम करून त्याच झाडांना नवी मुळे दिली.