रबराचा आधार आणि बारवरची बाई

भरतीची तयारी करणारी मुलं मैदानातल्या सिंगल बारला लोंबकळताना तुम्ही पाहिली असतील. दोन्ही हातांनी बार धरायचा आणि हनुवटी बारच्या वर जाईपर्यंत स्वतःचं सगळं वजन ओढून घ्यायचं, याला पुलअप म्हणतात. अग्निवीर भरतीत मुलांनी असे 10 पुलअप काढले की 40 गुण मिळतात. मुलींसाठी लष्करी पोलीस दलाची भरती 2019 साली निघाली. त्यांना 1.6 किलोमीटर धावायचं असतं, 10 फूट लांब उडी आणि 3 फूट उंच उडी मारायची असते. बार मात्र त्यांना नाहीच.

कारण विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. बाईच्या दंडात तेवढा जोर कुठला! आता हे कुणाला सांगताय? आडावर रहाटाचा दोर खाली ओढून भरला पोहरा वर आणणाऱ्या बायकांना? पाणी शेंदताना पाठीचे आणि दंडाचे जे स्नायू राबतात, तेच पुलअपला लागतात. आपल्या महाराष्ट्रातल्या मुली दोरीच्या मल्लखांबावर सरसर वर चढतात, त्याही हातांच्या जोरावर. बाईच्या आणि पुरुषाच्या शरीरात फरक आहे, दंडात आणि खांद्यात तर जास्तच. तो नाकारायचं कारण नाही. पण फरक असणं वेगळं आणि अजिबात न जमणं वेगळं.

अमेरिकेत याची मोठी परीक्षा झाली. तिथल्या मरीन कोर या सैन्यदलात पुरुषांना पुलअप काढावे लागत. बायकांना मात्र बरीच वर्षं हात वाकवून, हनुवटी बारच्या वर ठेवून, नुसतं लटकून राहायचं असे. जितके सेकंद टिकाल तितके गुण. 2012 साली दलानं जाहीर केलं की 2014 पासून बायकांनाही किमान 3 पुलअप काढावे लागतील. 2013 अखेर हिशेब पाहिला तर प्रशिक्षण घेणाऱ्या नव्या मुलींपैकी 55 टक्के मुलींना 3 पुलअप जमले नव्हते. नियम पुढे ढकलला गेला. 55 टक्क्यांची बातमी सगळीकडे झाली. उरलेल्या 45 टक्के मुलींनी 3 पुलअप काढले होते, त्यांच्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही.

मला यात एक गोष्ट दिसते. लटकून राहणं आणि ओढून वर जाणं ही दोन वेगळी कामं आहेत. वर्षानुवर्षं ज्यांच्याकडून फक्त लटकणं मागितलं, त्यांना ओढणं एकदम कुठून येणार? 2017 पासून तिथं लटकण्याची परीक्षा बंद झाली. बायकांनी पुलअप काढावेत किंवा जोर मारावेत, असा पर्याय दिला. पूर्ण गुण मात्र पुलअपलाच ठेवले.

मग शून्यावरून एकावर जायचं कसं? इथं रबर कामाला येतं, आणि त्याचीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. कच्चं रबर उन्हात चिकट व्हायचं आणि थंडीत तडकायचं. 1839 साली अमेरिकेतल्या चार्ल्स गुडइयर यांना रबरात गंधक मिसळून तापवायची युक्ती सापडली, तेव्हा ते टिकाऊ झालं. हा माणूस 1860 साली कर्जातच वारला. त्याच्या नावाची टायर कंपनी पुढे दुसऱ्यांनीच काढली. 1845 मध्ये लंडनच्या स्टीफन पेरी यांनी रबरबँडचं पेटंट घेतलं, तेही कागद बांधायला.

व्यायामात रबर आणणाऱ्यांत एक नाव तुमच्या घरात दोरीवर वाळत असेल. सँडो बनियन! युजेन सँडो हे त्या काळचे जगप्रसिद्ध शक्तिवीर. 1904-05 च्या सुमारास ते हिंदुस्थानात खेळ दाखवायला आले होते. रबरी दोऱ्या ताणायचं व्यायामाचं साधन ते स्वतःच्या नावानं विकत. पुढे दवाखान्यात दुखऱ्या खांद्या-गुडघ्यांच्या व्यायामासाठी रबर आलं. 1978 साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यातून थेराबँड निघाला, जाडीप्रमाणे वेगवेगळ्या रंगांचा. त्यानंतर खेळाडूंसाठी जाड, गोल वेढ्याचे पट्टे आले. पुलअपला हेच लागतात.

पट्टा बारला अडकवायचा आणि खाली लोंबणाऱ्या वेढ्यात पाय किंवा गुडघा ठेवायचा. आपण खाली असतो तेव्हा पट्टा जास्त ताणलेला असतो, म्हणून आधारही जास्त मिळतो. वर जाऊ तसा तो सैल पडतो. आधी जाड पट्टा घ्यायचा. त्यावर 8-10 पुलअप नीट निघू लागले की त्याहून पातळ. शेवटच्या वरच्या टप्प्यात रबराची मदत कमी मिळते. त्यासाठी स्टुलावर उभं राहून हनुवटी बारच्या वर न्यायची, पाय सोडायचे आणि मनात पाच अंक मोजत सावकाश खाली यायचं. आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरे. महिने लागतात, घाई करू नका.

पत्र्याच्या शेडच्या पाइपाला लटकू नका. बार पक्का हवा, शाळेच्या मैदानातला असला तर उत्तम. कॅरिअरला बांधायची जुनी ट्यूब यासाठी वापरू नका. ती तुटली तर थेट तोंडावर बसते. विकतच्या पट्ट्यालाही चीर पडली आहे का, हे दर वेळी बघा. पोटुशी असाल, बाळंतपणाला थोडेच महिने झाले असतील, अंग बाहेर येत असेल किंवा खांदा दुखत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. अंग बाहेर येण्याची गोष्ट आपण बायका सांगत नाही, तर ती उपकेंद्रातल्या सिस्टरला सांगा.