आफ्रिकेतील ग्रामीण आरोग्यसेवा आणि वाहनांची निगा : एक ऐतिहासिक टिपण

पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेत वाहनाला ‘गारी’ म्हणतात. आपल्याकडील ‘गाडी’ हाच शब्द हिंदी महासागरावरील दळणवळणातून तेथे पोहोचला आणि स्थिरावला. तो मराठीतून गेला असे म्हणता येणार नाही. गुजराती, हिंदी आणि मराठी या तिन्ही भाषांची ती समाईक मालमत्ता आहे. आगगाडीला तेथे ‘गारी ला मोशी’ म्हणजे धुराची गाडी म्हणतात, तर रुग्णवाहिकेला ‘गारी ला वागोंज्वा’ म्हणजे आजाऱ्यांची गाडी. वस्तू बाहेरून आली, तिच्याबरोबर तिचे नावही आले. परंतु ती वस्तू चालू ठेवण्याची व्यवस्था तिच्याबरोबर आली काय, हा प्रश्न आरोग्याच्या इतिहासकारांनी क्वचितच विचारला आहे. लशी, औषधे आणि वैद्य यांचा इतिहास विस्ताराने लिहिला गेला. ज्या चाकांवरून ती खेड्यापर्यंत गेली, किंवा जाऊ शकली नाहीत, त्या चाकांचा इतिहास मात्र उपेक्षितच राहिला. प्रस्तुत लेखात त्याची स्थूल रूपरेषा मांडण्याचा विचार आहे.

उष्णकटिबंधीय आफ्रिकेच्या फार मोठ्या भागात त्सेत्से माशीमुळे बैल आणि घोडे जगत नसत. त्यामुळे बैलगाडी हा आपल्याकडील स्वाभाविक टप्पा तेथे बव्हंशी आलाच नाही. ओझे माणसाच्या डोक्यावरूनच जाई. एका हमालाचे ओझे सुमारे २५ ते ३० किलो असे. पहिल्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेतील ब्रिटिश सैन्याने अशा हमालांचे ‘कॅरिअर कोअर’ नावाचे दल उभारले. त्यांतील हजारो माणसे उपासमारीने आणि रोगराईने मेली. दार-ए-सलाममधील ‘कारियाकू’ आणि नैरोबीतील ‘कारिओकोर’ ही स्थलनामे त्या दलाच्या नावाचेच अपभ्रंश होत. आज ही बाजारपेठांची नावे म्हणून उच्चारली जातात; चाकाच्या अभावाची किंमत कोणी मोजली, याची साक्ष ती अजून देत आहेत.

वैद्यकाची वाटचालही याच पद्धतीने होत असे. निद्रारोगाच्या निवारणासाठी फ्रेंच लष्करी वैद्य यूजेन जामो यांनी फिरती पथके उभारली आणि १९२६ मध्ये कॅमेरूनमध्ये त्यांची कायम मोहीम सुरू झाली. रोग्याने दवाखान्यात यावे ही अपेक्षा सोडून दवाखान्यानेच गावोगाव जावे, हे तत्त्व या पथकांनी प्रस्थापित केले. परंतु सूक्ष्मदर्शके आणि औषधांच्या पेट्या बहुधा हमालच वाहून नेत. लोककल्याणाच्या या मोहिमेमागे वसाहतवादी सत्तेची सक्तीही होती, हे विसरून चालणार नाही.

मोटारींचे रस्ते वाढू लागल्यावर हे चित्र पालटू लागले. १९५७ मध्ये मायकेल वुड, आर्चिबाल्ड मॅकिंडो आणि टॉम रीस या तीन शल्यविशारदांनी पूर्व आफ्रिकेत विमानाने वैद्यकीय मदत पोहोचविणारी संस्था काढली. विमानाने दूरचे इस्पितळ जवळ आले. तथापि इस्पितळापासून झोपडीपर्यंतचे अखेरचे दहा-वीस मैल जमिनीवरूनच जाणे भाग होते. या अखेरच्या टप्प्याचे महत्त्व देवीनिर्मूलनाच्या मोहिमेने सिद्ध केले. १९६७ मध्ये पश्चिम व मध्य आफ्रिकेतील देशांत अमेरिकेच्या साहाय्याने ही मोहीम सुरू झाली, तेव्हा लशीबरोबर डॉज बनावटीचे ट्रकही पाठविण्यात आले. विशेष म्हणजे मोहिमेवरील कार्याधिकाऱ्यांना वाहनांची आणि लस टोचण्याच्या यंत्रांची देखभाल करण्याचे शिक्षणही देण्यात आले होते. म्हणजे वाहन आणि त्याची निगा यांचा विचार येथे एकत्र झाला. १९७० मध्ये त्या प्रदेशातून देवीचे उच्चाटन झाले.

या इतिहासातील अखेरचे प्रकरणही वाहनातच घडले. ऑक्टोबर १९७७ मध्ये सोमालियातील मर्का येथील इस्पितळाजवळ देवीचे दोन रुग्ण घेऊन आलेल्या गाडीच्या चालकाने वाट विचारली. इस्पितळातील स्वयंपाकी अली माओ मालिन वाट दाखविण्यासाठी गाडीत बसला. तो थोडक्या मिनिटांचा प्रवास होता. परंतु निसर्गतः देवी झालेला जगातील तो अखेरचा माणूस ठरला. तो बरा झाला आणि १९८० मध्ये देवीचे निर्मूलन झाल्याचे जाहीर करण्यात आले.

मोहीम मात्र संपते. आरोग्यसेवा संपत नाही. १९७४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम हाती घेतला आणि १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा उद्घोष केला. बहुतेक लशींना २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान सतत लागते. बर्फाच्या पेटीतील थंडावा मोजक्या वेळापुरताच टिकत असल्यामुळे वाटेत बंद पडलेली गाडी म्हणजे केवळ विलंब नव्हे, तर वाया गेलेली लस होय. नेमक्या याच काळात आफ्रिकेतील अनेक राष्ट्रे कर्जाच्या ओझ्याखाली आली. परकीय चलनाच्या टंचाईमुळे सुटे भाग मागविणे कठीण झाले. देणगीदार राष्ट्रे नवी गाडी आनंदाने देत, कारण ती भांडवली खर्चात बसे. तेल, टायर आणि कारागीर यांचा आवर्ती खर्च मात्र गरीब सरकारच्या माथी राही. शिवाय प्रत्येक दात्याची गाडी वेगळ्या बनावटीची, त्यामुळे एकीचा भाग दुसरीला चालत नसे. परिणामी जिल्हा कचेऱ्यांच्या आवारात गंजणाऱ्या गाड्यांच्या रांगा हे एक नित्याचे दृश्य होऊन बसले.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस हेच दृश्य सोमालियात अमेरिकन मोटारसायकल-शर्यतपटू रँडी मॅमोला आणि ब्रिटिश पत्रकार बॅरी कोलमन यांच्या दृष्टीस पडले. मदतीसाठी गोळा केलेल्या निधीचा विनियोग पाहण्यास ते गेले होते. आरोग्यसेवकांना दिलेल्या मोटारसायकली किरकोळ बिघाडामुळे कायमच्या निकामी झालेल्या त्यांना आढळल्या. यंत्रांशी परिचय असलेल्या या माणसांना जे तत्काळ उमगले, ते साहाय्य-योजना आखणाऱ्यांच्या ध्यानी आले नव्हते. कोलमन, त्यांच्या पत्नी अँड्रिया आणि मॅमोला यांच्या प्रयत्नांतून ‘रायडर्स फॉर हेल्थ’ ही संस्था उदयास आली. १९९१ मध्ये लेसोथो या डोंगराळ देशात ४७ मोटारसायकलींचा प्रयोग सुरू झाला. या देशाचा सर्वांत सखल बिंदूदेखील समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटर उंचीवर आहे. अशा प्रदेशात त्या मोटारसायकली वर्षानुवर्षे चालू राहिल्या.

या यशामागे नवा शोध नव्हता. आरोग्यसेवकाने रोज सकाळी पेट्रोल, वंगण, साखळी व ब्रेक यांचा ताण आणि नटबोल्ट तपासावयाचे. ठराविक अंतर कापल्यावर गाडी चालू असली तरी कारागिराच्या हवाली करावयाची. आणि भाग तुटण्याची वाट न पाहता मुदत भरताच बदलावयाचा. याला हिशेबाचीही जोड होती. इंधन, भाग, कारागिराचे वेतन आणि पुढील गाडीच्या खरेदीची तरतूद या सर्वांचा दर किलोमीटरमागे येणारा खर्च काढण्यात आला. २००९ पासून गांबियात या पद्धतीला पूर्ण रूप आले. एका प्रतिष्ठानच्या हमीवर बँकेने कर्ज दिले, वाहने संस्थेच्या मालकीची राहिली आणि सरकारने ती भाड्याने घेऊन किलोमीटरप्रमाणे मोबदला देण्याचे ठरले. लेसोथोत मोटारसायकलस्वार रक्ताचे नमुने प्रयोगशाळेत आणि निकाल पुन्हा खेड्यातील दवाखान्यात पोहोचवू लागले. एच.आय.व्ही.ची बाधा व्यापक असलेल्या देशात निकाल आठवड्याने येतो की महिन्याने, हा जीवनमरणाचाच प्रश्न असतो.

या पद्धतीला मर्यादा नाहीत असे नव्हे. इंधनच मिळेनासे झाले किंवा सरकारी खजिन्यातून मोबदला थकला, तर उत्तम कारागीरही हतबल होतो. २०१६ मध्ये रुआंडात आणि २०१९ मध्ये घानात चालकरहित विमानांनी रक्त व औषधे पोहोचविण्यास आरंभ झाला, म्हणून रस्त्यावरील वाहनाचे दिवस संपले असेही काहींस वाटेल. परंतु विमान पेटी पोहोचविते, परिचारिका नव्हे. आणि त्या विमानालाही निगा लागतेच.

शेवटी पुन्हा शब्दांकडे वळतो. स्वाहिलीत ‘तेंगेनेझा’ या एकाच धातूने ‘बनविणे’ आणि ‘दुरुस्त करणे’ हे दोन्ही अर्थ व्यक्त होतात. सांभाळणे, जपणे यासाठी ‘तुंझा’ हा धातू आहे आणि त्यापासून झालेले ‘मातुंझो’ हे नाम माणसाच्या शुश्रूषेला व वस्तूच्या निगेला सारखेच लागू पडते. लेसोथो व गांबिया हे स्वाहिलीभाषी देश नव्हेत. तेव्हा या शब्दावरून त्यांच्या इतिहासाविषयी काही अनुमान काढणे शास्त्रशुद्ध ठरणार नाही. परंतु जे योजनाकारांना अनेक दशके सुचले नाही, ते या शब्दाने सहज सांगितले आहे. दुरुस्ती मोडल्यानंतरची असते, निगा मोडण्यापूर्वीची. रोगाच्या बाबतीत हा भेद वैद्यकाने केव्हाच मान्य केला होता. लसीकरण म्हणजे दुसरे काय? ज्या गाडीतून लस जाई तिलाही तोच न्याय लावावयाचा होता. तो न लावल्यामुळे, औषध उपलब्ध असूनही ते न पोहोचल्याने माणसे दगावली. आरोग्याचा इतिहास लिहिताना म्हणूनच नव्या गाड्यांच्या वाटपाच्या नोंदीपाशी न थांबता पाचव्या वर्षी त्यांतील किती चालत होत्या, हे अभ्यासकाने शोधावयास हवे.